बाबांना न दिसलेली शेपटी

"मॅडम, हा वाचत नाही. नुसती चित्रं बघतो."

मी मुलांसाठी समुपदेशन करते. निनादच्या बाबांनी माझ्यासमोरची खुर्ची ओढता ओढताच हे सांगून टाकलं. हातातल्या कापडी पिशवीतून त्यांनी एकेक पुस्तक काढलं आणि पोलीस जप्तीचा माल मांडतात तसं माझ्या टेबलावर ओळीने मांडलं. एकूण अकरा. सगळी इंग्रजी, सगळी ग्राफिक नॉव्हेल्स, म्हणजे चित्रांच्या चौकटी आणि बोलण्याच्या फुग्यांतून सांगितलेल्या गोष्टी. निनाद सहावीत, ठाण्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. (नाव आणि काही तपशील बदललेत. लिहायला घरच्यांची परवानगी आहे.) तो त्या ओळीकडे बघत होता. मध्येच हळूच हात पुढे करून त्याने उलटं ठेवलेलं एक पुस्तक सुलट केलं.

तक्रार अशी होती की शाळेतून 'वाचनाची सवय नाही' असा शेरा आलाय आणि निबंध पाच ओळींत आटपतो. वर हा पाचशे रुपयांचं पुस्तक चाळीस मिनिटांत संपवून पुढचं मागतो. "आम्ही याच्या वयात कर्णावरची ती जाडजूड कादंबरी वाचली होती," बाबा म्हणाले. हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. त्या कादंबरीचा खप बघता ते बहुधा खरंही असावं.

आधी मी नेहमीचं काम केलं. एक इंग्रजी आणि एक मराठी उतारा निनादला मोठ्याने वाचायला दिला. मग कागद उलटा ठेवून तेच त्याच्या शब्दांत सांगायला लावलं. इंग्रजी बरं वाचलं, सांगितलं तर फारच छान. मराठीत जोडाक्षराला ठेच लागत होती. 'दुष्काळग्रस्त'पाशी तो थांबला, दोनदा तोडून म्हणाला आणि पुढे गेला. इंग्रजी शाळेतल्या, घरी मराठी बोलणाऱ्या मुलाचं साधारण असंच असतं. काळजी वाटते ती वेगळ्या चित्राची. मूल ओळ गाळतं, पहिलं अक्षर बघून शब्द ठोकून देतं, मोठ्याने वाचायची वेळ आली की त्याचं पोट दुखायला लागतं, आणि कॉमिक्सही नुसतं चाळतं, गोष्ट विचारली तर सांगता येत नाही. असं असेल तर चित्रांना दोष देत बसू नका, वाचनअक्षमतेची तपासणी करून घ्या. निनादमध्ये यातलं काही नव्हतं. अकराही पुस्तकांच्या गोष्टी त्याने मला सांगितल्या, कोण कोणाशी का बोलत नाही यासकट.

मग मी एक चूक केली. वेळ संपत आला होता, बाबा घड्याळ बघत होते, आणि मी तोंडावर आलेला तयार सल्ला देऊन टाकला: अर्धा तास 'साधं' पुस्तक, मग अर्धा तास याचं. पंधरा दिवसांनी आईचा फोन आला. निनाद इमानदारीत मोबाइलवर टायमर लावून बसतो, पण पुस्तक चौदाव्या पानाच्या पुढे गेलेलं नाही. मी काय करून ठेवलं होतं? कारलं संपव, मग श्रीखंड. एका झटक्यात साधं पुस्तक कारलं झालं आणि ग्राफिक नॉव्हेल बक्षीस. यातलं काहीच खरं नाही, पण मुलाला दोन्ही पटलं.

पुढच्या वेळी मी बाबांनाही आत बोलावलं. आमच्या कपाटातून शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचं 'द अरायव्हल' काढलं. २००६ सालचं, सव्वाशेच्या आसपास पानांचं पुस्तक. एक माणूस बायको-मुलीला मागे ठेवून कामासाठी अनोळखी देशात जातो, त्याची गोष्ट. वाचता येईल असं एक अक्षरही त्यात नाही. ते मी बाबांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "वाचा. झालं की सांगा."

ते हसले. मग चश्मा लावून बसले. पानं भराभर उलटली. चार-साडेचार मिनिटांत पुस्तक मिटलं. "झालं. चांगलं आहे. माणूस परदेशी जातो, नोकरी लागते, मग बायको-मुलीला बोलावून घेतो."

"आता निनाद, तू."

निनादने पहिलंच पान दोन मिनिटं सोडलं नाही. त्या पानावर नऊ छोट्या चौकटी आहेत: कागदाचा पक्षी, घड्याळ, टोपी, चहाची भांडी वगैरे. त्याचं बोट एकेका चौकटीवरून फिरत होतं. "हे सगळं त्यांच्या घरातलं आहे," तो म्हणाला. "आणि ते निघणार आहेत. कारण बॅग आहे." चार-पाच पानांनंतर एक मोठं चित्र येतं. तिघं जण रस्त्याने चाललेत आणि घरांच्या मधून एक प्रचंड काटेरी शेपटी सरकतेय. निनाद तिथे थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"बाबा, ही शेपटी म्हणजे काय असेल?"

"कुठली शेपटी?"

"ही. ही काय! तुला दिसलीच नाही?"

बाबा वाकून बघू लागले. खरोखरच दिसली नव्हती त्यांना. अख्ख्या पानभर पसरलेली शेपटी! ती कशाची, हे पुस्तक सांगत नाही. निनादचं म्हणणं होतं की शेपटी म्हणजे भीती, लढाई वगैरे, म्हणून तर तो माणूस चाललाय. बाबा म्हणाले, गरिबीही असेल. दोघांचा पाचेक मिनिटं वाद झाला. मी मध्ये पडले नाही. समुद्रप्रवासात एका ठिकाणी ढगांच्याच छोट्या छोट्या चौकटी दाटीने येतात. बाबांनी ते पान क्षणात उलटलं होतं. निनाद म्हणाला, "बाबा, हे दिवस आहेत. किती दिवस तो बोटीवर आहे बघ."

त्याआधी स्टेशनवर बाप निरोप घेतो ती चित्रं येतात. तिथे निनाद जरा जास्तच रेंगाळला. त्याच्या बाबांची बँकेत नोकरी, आणि तो दुसरीत असताना त्यांची दीड वर्ष नागपूरला बदली झाली होती. हे मला नंतर आईने सांगितलं. त्या वेळी कोणी त्याबद्दल बोललं नाही आणि नंतर मीही विषय काढला नाही. हाताला लागेल तो धागा ओढून बघायची आमच्या पेशात एक खोड आहे. दरवेळी ओढायलाच हवा असं नाही.

तर मूळ प्रश्न: हे वाचन आहे का? दोन चौकटींच्या मध्ये जी कोरी पट्टी असते, तिच्यात काय घडलं ते कोणीच लिहिलेलं नसतं. ते वाचणाऱ्याने भरायचं असतं. एका चौकटीत हात कपाकडे जातोय, दुसऱ्यात फरशीवर तुकडे. कप कोणी पाडला, मुद्दाम की चुकून, हे मूल क्षणात ठरवतं आणि पुढच्या चौकटीत ते बरोबर होतं का ते तपासतं. आपण मोठी माणसं फुग्यातला मजकूर वाचतो आणि पान उलटतो, म्हणून आपल्याला ते सोपं वाटतं. निनादच्या बाबांनी साडेचार मिनिटांत गोष्ट नाही, गोष्टीचा सारांश वाचला होता.

ही काळजी जुनीच आहे. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगार होतात असं पुस्तक लिहून केवढा गहजब केला होता. कॅरोल टिली या अभ्यासिकेने त्याची मूळ कागदपत्रं तपासली, तेव्हा त्याने मुलांच्या जबान्यांत फेरफार केल्याचं दिसलं. ते २०१२ मध्ये छापून आलं. माणूस जवळपास आमच्याच पेशातला, म्हणून मला जरा जास्त लागतं. उलट बाजूची आकडेवारीही आहे. हेज आणि अहरेन्स यांच्या १९८८ च्या अभ्यासात इंग्रजी बालपुस्तकांत दर हजार शब्दांमागे ३१ च्या आसपास कमी वापरातले शब्द सापडले, तर कॉमिक्समध्ये ५३. पूर्वी मी हे आकडे पालकांना ऐकवायचे. आता ऐकवत नाही, कारण आकडा ऐकून कोणाचं मत बदललेलं मी पाहिलं नाही. शेपटीने बदलतं.

पण चित्रांच्या गोष्टींनी सगळं भागतं असंही मी म्हणणार नाही. लांबलचक वाक्य शेवटपर्यंत धरून ठेवायची, डोळ्यासमोर काहीच नसताना आपलं आपण चित्र उभं करायची ताकद साध्या मजकुरानेच येते. ती हवीच. म्हणून बाबांना मी दुसरा उद्योग दिला: रात्री झोपताना दहा मिनिटं मराठीतून मोठ्याने वाचून दाखवायचं. फास्टर फेणे घ्या, आणखी काही घ्या. निनादने फक्त ऐकायचं. प्रश्न विचारायचे नाहीत, 'तात्पर्य काय' तर मुळीच नाही. आणि त्याच्या पुस्तकांशी या दहा मिनिटांचा संबंध जोडायचा नाही. टायमर बंद.

आता कुठली पुस्तकं आणायची, हे सगळेच विचारतात. पहिली गोष्ट, चित्रं आहेत म्हणजे ते लहान मुलांचं, हे डोक्यातून काढा. एका आईने मुखपृष्ठावर उंदीर बघून तिसरीतल्या मुलीला 'माउस' आणून दिलं होतं. आर्ट स्पीगलमनच्या त्या पुस्तकात उंदीर म्हणजे ज्यू आणि मांजरं म्हणजे नाझी. छळछावणीतून वाचलेल्या त्याच्या वडिलांची ती हकीकत आहे. १९९२ मध्ये त्याला खास पुलित्झर मिळालं. थोर पुस्तक आहे, पण नववी-दहावीत, आणि शेजारी कोणीतरी बोलायला असताना. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, आणणार असाल तर मागच्या बाजूला वयोगटाची खूण असते का बघा. काही प्रकाशक इंग्रजी आवृत्तीवर 'टी', 'टी प्लस', 'एम' अशी अक्षरं छापतात. 'एम' म्हणजे मोठ्यांसाठी. आणि ती पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात, तेव्हा मुलगा पुस्तक उलटं धरतो म्हणून ओरडू नका. हेही घडलेलं आहे.

आठ ते बारा वर्षांच्या मुलांना मी रैना टेल्गेमायरची पुस्तकं हमखास सुचवते. 'स्माइल'मध्ये तिचे पुढचे दात पडण्यापासून तारांपर्यंतची कथा आहे, आणि 'गट्स'मध्ये काळजीने पोटात ढवळणारी मुलगी समुपदेशकाकडे जाते. 'पोट दुखतं' म्हणून शाळा बुडवणाऱ्या दोन मुलींनी माझ्याकडे ते वाचून "असंच, अगदी असंच" म्हटलंय. सेसी बेलच्या 'एल डेफो'तली मुलगी कानाला यंत्र लावते, आणि शाळेत तिच्या बाईंच्या गळ्यात माइक असतो. त्यामुळे बाई शिक्षकांच्या खोलीत काय बोलतात तेही हिला ऐकू येतं! जेरी क्राफ्टच्या 'न्यू किड'ला २०२० मध्ये न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतलं बालसाहित्याचं मोठं बक्षीस मिळालं, ग्राफिक नॉव्हेलला मिळालेलं ते पहिलंच.

आपल्याकडचं म्हणाल तर अनंत पैंनी १९६७ मध्ये सुरू केलेली अमर चित्र कथा मराठीतही आहे. मी देते, पण मुलांना एक विचारते: राजे गोरे आणि राक्षस काळे का रंगवलेत? चौथीतली मुलंसुद्धा यावर जोरात बोलतात. अकरा-बारा वर्षांपुढे 'भीमायन'. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकार दांपत्याने काढलेली बाबासाहेबांची गोष्ट. पुस्तक मूळ इंग्रजी आहे, पण लहानगा भीम वडिलांना भेटायला निघतो आणि मसूर स्टेशनवर कोणी गाडीवान त्याला बैलगाडीत बसवून न्यायला तयार होत नाही, तो प्रसंग आपल्या सातारा जिल्ह्यातला. त्यात चौकोनी चौकटी नाहीत. मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं, आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. एकदा हे मुलाला दाखवा आणि मग बघा, घरात कोणाच्या बोलण्याला नांगी आहे ते तो तुम्हालाच सांगेल. लहानग्यांसाठी मात्र माधुरी पुरंदरेंच्या चित्रांच्या पुस्तकांइतकं मराठी घरातलं दुसरं मला सुचत नाही.

पैशांचा प्रश्न खरा आहे. चाळीस मिनिटांत पाचशे रुपये! पण निनादच्या आईने मोजलं, त्यातली तीन पुस्तकं त्याने सहापेक्षा जास्त वेळा वाचली होती. उरलेली आता त्याच्या इमारतीतल्या चार मुलांत फिरतात. कोणाकडे कुठलं आहे याची वही निनादने ठेवलीय.

चार महिने झाले. निबंध आता आठ ओळींचा होतो. शाळेचा शेरा तसाच आहे. निनाद अजूनही मुख्यतः ग्राफिक नॉव्हेल्सच वाचतो. फास्टर फेणे रात्री चालू आहे, बाबांचा दौरा असेल तेव्हा फोनवरून.

त्याने मला एक पुस्तक वाचायला दिलं होतं, परवा शेवटच्या भेटीत त्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, वाचलं की, मस्त आहे.

"मग ते मांजर कधी गायब झालं?"

मला आठवेना. त्याने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मधलं एक पान उघडून समोर धरलं. खिडकी उघडी होती आणि खाली वाटी रिकामी.

"मॅम," तो म्हणाला, "तुम्ही पण चाळलंय फक्त."