सदाशिव अमरापूरकर फक्त खलनायकच होते का?

नाही, 'सडक' या हिंदी चित्रपटातलं 'महाराणी' हे खलपात्र एवढीच या अभिनेत्याची ओळख नाही. मूळचा नगरचा हा माणूस मराठी रंगभूमीवर घडला. 'हँड्स अप' नाटकातलं काम पाहून दिग्दर्शक गोविंद निहलानींनी त्यांना 'अर्धसत्य' या चित्रपटात (1983) घेतलं. त्यांनी केलेल्या रामा शेट्टी या गुंडाच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आहेत, पण तो आवाज चढवत नाही, सावकाश बोलतो आणि अंगावर काटा येतो. या भूमिकेला सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं, 'सडक'ला (1991) खलनायकाचं.

पुढे हिंदीत साचेबंद भूमिका खूप आल्या, त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. कारण दूरदर्शनवर 'भारत एक खोज' मालिकेत महात्मा फुले साकारले तेही याच माणसाने! आणि 'बॉम्बे टॉकीज' (2013) हा चित्रपट जरूर बघा. एका क्षणाच्या भूमिकेसाठी धडपडणाऱ्या नवाजुद्दीनच्या पात्राला त्याचे दिवंगत नाट्यगुरू दिसतात, चक्क कचराकुंडीतून वर येऊन खडसावतात. ते गुरू म्हणजे अमरापूरकर. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2014 मध्ये ते गेले.