वेलाची बारीक फळं गळतायत? औषध नको, मधमाशी बोलवा

बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आलाय, परसबागेतल्या भोपळ्याला, काकडीला फुलं भरपूर लागतात पण बारीक फळ पिवळं पडून गळून जातं, कुठलं औषध मारू? आणि एका ताईंनी विचारलंय, घरामागे मधमाश्यांची पेटी ठेवली तर जमेल का?

आधी गळीचं बघू. या वेलांना नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं फळ दिसतं, नराला नुसता दांडा. पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने जात नाही, मधमाशीसारख्या कीटकांनीच न्यावा लागतो आणि लाल भोपळ्याचं फूल तर पहाटे उमलून दुपारच्या आत मिटतं, तेवढ्यात मधमाशी आली नाही की फळ गेलंच समजा. सध्यापुरतं सकाळी ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला परागाचा पिवळा दांडा मादी फुलात अलगद फिरवा.

पण मधमाशी येत का नाही? बऱ्याचदा कारण आपलीच फवारणी असते. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारी कीटकनाशकं पराग आणि मकरंदात उतरतात, त्यामुळे संध्याकाळी मारली तरी धोका राहतोच, युरोपियन युनियनने २०१८ मध्ये यांचा उघड्यावरचा वापर याच कारणाने बंद केला. घरच्या बागेत ही कृपया आणूच नका. निंबोळी अर्कसुद्धा सूर्य मावळल्यावरच मारा.

मधमाशी यावी म्हणून तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका, कोथिंबीर, मोहरी, बडीशेप थोडी फुलू द्या. झेंडू एकेरी पाकळीचा लावा, गच्च भरलेल्या फुलात तिला पराग सापडत नाही. उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवा, खडे नसले तर बुडतात बिचाऱ्या.

आता पेटी. ताई, नक्की जमेल, पण वर्षभर आजूबाजूला काही ना काही फुलत असेल तरच, नुसत्या आपल्या कुंड्यांवर वसाहत जगत नाही. सुरुवातीला शांत स्वभावाची सातेरी (आपली देशी मधमाशी) घ्या आणि प्रशिक्षण घेऊनच घ्या. पेटीला सकाळचं ऊन, दुपारची सावली हवी, तोंड जाण्यायेण्याच्या वाटेकडे नको. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. पहिल्या वर्षी मधाची घाई करू नका, तो त्यांचा फुलं नसतानाचा साठा असतो. आणि घरात कुणाला डंखाची अ‍ॅलर्जी असेल तर पेटी आणूच नका, फुलं आणि पाणी ठेवलंत तरी मधमाश्या येतील.