इंटरमिजिएटच्या पेपरमधून स्थिरचित्र बाहेर कसं काढायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेत असताना इंटरमिजिएट ही रेखाकला (चित्रकलेची) परीक्षा दिली होती, मध्ये बरीच वर्षं ब्रश हातात घेतला नाही, आता पुन्हा जलरंग सुरू केले आहेत. कलश, दोन फळं, मागे घड्या पाडलेलं कापड अशी मांडणी करून स्थिरचित्र, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र, रंगवता. रेखाटन बरोबर येतं, पण चित्र परीक्षेच्या पेपरसारखं दिसतं. ते आजचं वाटावं म्हणून कलशाच्या जागी मोबाईल आणि कोल्ड्रिंकचा कॅन ठेवावा का?

ठेवा की. आपल्या घरात ज्या वस्तू रोज ओट्यावर आणि टेबलावर पडलेल्या असतात, त्याच रंगवाव्यात या मताचा मी आहे. पण नुसता कॅन ठेवल्यानं फरक पडणार नाही. तो कॅनही तुम्ही कलशासारखाच रंगवाल. रेखाकला परीक्षेनं आपल्या हाताला एक क्रम लावलेला असतो. आधी प्रत्येक वस्तूची पूर्ण बाह्यरेषा, मग प्रत्येक वस्तूची उजेडाची बाजू, काळोखाची बाजू आणि चमक, मग मागचं कापड, आणि शेवटची दहा मिनिटं उरली की खाली करड्या रंगाची पडछाया. परीक्षकाला वस्तूचा घनाकार कळला आहे की नाही एवढंच पाहायचं असतं, त्यामुळे तिथे हा क्रम योग्यच आहे. पण त्यातून चित्रात चार स्वतंत्र वस्तू दिसतात आणि कागद त्यांच्या मागे नुसता उरतो. हा क्रम मोडायचा आहे. उजेड आणि सावली यांचे आकार आधी ठरवा, वस्तू त्यातून आपोआप येऊ द्या. पुढे जे लिहितो आहे ते सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

सुरुवातीला तीन-चार चित्रकारांची कामं डोळ्याखालून घाला. नक्कल करायला नको, त्यांनी काय सोडून दिलं ते पाहायला. फ्रान्सचा पॉल सेझान १९०६ साली वारला. त्याच्या शेवटच्या काही वर्षांतली जलरंगातली स्थिरचित्रं पाहा. सफरचंदं, बाटली, खुर्चीची पाठ. पेन्सिलच्या रेषा तशाच दिसतात, एका कडेला दोन-तीन रेषा आहेत, रंगाचे पारदर्शक तुकडे एकमेकांवर चढले आहेत आणि फळाचा सर्वांत उजळ भाग म्हणजे कोरा कागद. अमेरिकेतला चार्ल्स डेमथ १९२० च्या दशकात वांगी, टोमॅटो, सफरचंदं रंगवत होता. वांग्याची जांभळी-काळी साल दाट, आणि बाजूचा बराच कागद मोकळा. टिपकागदानं ओला रंग टिपून त्यानं जो पोत आणला आहे तो आजही नवा वाटतो. इटलीतल्या बोलोन्याचा जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) तर आयुष्यभर त्याच त्या बाटल्या आणि डबे मांडत राहिला. बाटल्यांवरची लेबलं काढून टाकायची, काहींना मॅट रंग द्यायचा, म्हणजे नाव आणि चकाकी दोन्ही गेली की फक्त आकार उरतो. त्याच्या उतारवयातल्या जलरंगांत दोन बाटल्यांमधली फटच कधीकधी बाटलीपेक्षा ठळक असते.

आपल्याकडचे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) जलरंगासाठी ओळखले जात नाहीत, त्यांची गाजलेली चित्रं कॅनव्हासवर इनॅमल रंगातली आहेत. तरी या विषयावर त्यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. घड्याळ, पान, फळ अशा अगदी साध्या वस्तू त्यांनी टेबलावरून उचलून मोकळ्या अवकाशात ठेवल्या आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेला वस्तूइतकंच वजन दिलं. त्यांची चित्रं पाहून आलं की घरातल्या टेबलावरची रिकामी जागा दिसायला लागते.

आता प्रत्यक्ष मांडणी. पडदे, घड्या, मागचं कापड सगळं बाजूला ठेवा. पूर्वेची खिडकी असेल तर सकाळी आठ-नऊच्या सुमाराला कोवळं ऊन तिरपं आत येतं, ते सर्वांत चांगलं. त्या उन्हात एक पांढरी ड्रॉइंग शीट अंथरा आणि तिच्यावर मोजक्याच वस्तू ठेवा: स्टीलचं फुलपात्र, अर्धा पाण्याने भरलेला काचेचा ग्लास, कापलेलं लिंबू, दुधाची रिकामी पिशवी. हवं तर गोळ्यांची एखादी स्ट्रिप. ऊन नसेल तर रात्री खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एका बाजूने टेबललॅम्प. प्रकाश एकच हवा. ट्यूबलाइट आणि खिडकी दोन्हीकडून उजेड आला की सावल्या दुहेरी आणि फिक्या पडतात आणि चित्राचा कणाच जातो.

वस्तू ठेवल्यावर वस्तूंकडे पाहू नका, शीटवर पडलेल्या सावल्यांकडे पाहा. तिरप्या उन्हात सावली वस्तूच्या उंचीपेक्षा लांब पडते, एका वस्तूची सावली दुसरीवर चढते, ग्लासच्या सावलीच्या आत उजेडाच्या वेड्यावाकड्या पट्ट्या उमटतात. फुलपात्र बोटभर सरकवा, पूर्ण नक्षी बदलते. मी मांडणीला बराच वेळ देतो, कधीकधी रंगवायला लागतो त्याहून जास्त. एका जाड कागदाला चौकोनी खिडकी कापून तिच्यातून पाहा, उभं राहून वरून पाहा. ग्लासची कड कागदाच्या बाहेर गेली तर जाऊ द्या. वस्तू पूर्ण दिसलीच पाहिजे हा परीक्षेचा नियम होता, इथे तो लागू नाही.

मग विड्याच्या पानाएवढी तीन-चार छोटी स्केचेस करा, ४बी पेन्सिलनं, आणि छटा फक्त तीन: कागदाचा पांढरा, एक मधली, एक गडद. डोळे किलकिले करून पाहा आणि शेजारच्या सारख्या छटा एकमेकांत मिसळू द्या. लिंबाची काळोखी बाजू आणि त्याची पडछाया यांच्यामधली रेषा डोळे बारीक केल्यावर दिसते का? बहुतेक वेळा दिसत नाही. मग ती काढू नका. चित्रात आधुनिकपणा येतो तो मुख्यतः इथून, रंग पॅलेटमध्ये काढायच्याही आधी.

कागदावर रेखाटताना सावल्यांच्या कडा सर्वांत आधी आखून घ्या. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणजे तुमचं रेखाटन पूर्ण होईपर्यंत सावली जागेवर राहत नाही. एक फोटो काढून ठेवायला हरकत नाही, पण तो सावलीच्या आकारापुरताच वापरा. मोबाईलचा कॅमेरा सावल्या जरुरीपेक्षा काळ्या करतो किंवा उजळ भाग पार पांढरे करतो. रंग डोळ्यानंच पाहायचे.

रंगवताना पहिला वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाचा सलग थर, सगळीकडून, फिका, पण ठरवलेले पांढरे भाग सोडून. लिंबाचा पिवळा, पिशवीचा निळसर, फुलपात्राजवळचा उबदार करडा, हे ओले असतानाच एकमेकांना भेटू द्या. पांढरे कुठे राहणार हे छोट्या स्केचमध्ये ठरलेलं असतं, त्यामुळे इथे विचार करत थांबायचं काम नाही. वॉश पूर्ण वाळू द्या. हाताच्या मागच्या बाजूला कागद थंड लागला तर आत ओल आहे.

दुसरा टप्पा सावलीचा, आणि माझ्या मते सगळं चित्र यावर उभं असतं. मोठा, बारा नंबरचा गोल ब्रश घ्या, भरपूर रंग कालवा आणि वस्तूची काळोखी बाजू व पडछाया एकाच सलग वॉशमध्ये उतरवा. फुलपात्राच्या काळोख्या कडेवरून सुरू करा, ब्रश न उचलता खाली शीटवर या, तिथून लिंबाच्या सावलीत शिरा. वाटेत रंग बदलत न्या. लिंबाच्या अगदी जवळ सावलीत पिवळा परावर्तित होतो, तिथे थोडा येलो ऑकर. लांब गेल्यावर अल्ट्रामरीन निळा वाढवा. बोर्ड किंचित तिरपा ठेवलात तर रंगाचा ओला थेंब वॉशच्या खालच्या कडेला टिकून राहतो आणि जोड दिसत नाही. वॉश अर्धवट वाळत आला की त्यात पुन्हा ब्रश घालायचा नाही. जास्त पाण्याचा ब्रश लागला की फुलकोबीसारखे डाग उमटतात. जलरंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून ओला असताना सावली तुम्हाला जरा जास्तच गडद वाटली पाहिजे.

सावलीची कड सगळीकडे सारखी धारदार नसते. वस्तूजवळ ती कापल्यासारखी असते आणि जसजशी लांब जाते तसतशी मऊ होते, कारण सूर्य हा बिंदू नाही, आपल्याला तो अर्ध्या अंशाएवढा रुंद दिसतो. म्हणून सावलीच्या टोकाला स्वच्छ ओल्या ब्रशनं कड सोडवून घ्या. एवढ्यानंही चित्रात ऊन शिरतं.

स्टीलबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक तिथेच अडतात. स्टीलला करडा रंग द्यायचा असतो ही समजूत सोडा. त्याला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. खोली, खिडकी, लिंबू आणि समोर बसलेले तुम्ही, हे सगळं त्याच्या गोल अंगावर आडवं दाबलं जाऊन उभ्या अरुंद पट्ट्या होतात. खिडकी म्हणजे एक पांढरी पट्टी, तिला खेटून तुमच्या अंगाची गडद पट्टी. खोलीतल्या सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या छटा अशा शेजारी-शेजारी येतात, आणि स्टील चकाकतं ते त्यामुळेच. पट्ट्या हळूहळू एकमेकांत विरघळवल्या तर फुलपात्र ॲल्युमिनियमचं किंवा मातीचं दिसतं. कडा टणक ठेवा, आणि लिंबाकडच्या बाजूला पिवळ्याचा एक तुकडा बिनधास्त द्या.

काचेचा ग्लास त्यामानाने सोपा. काच रंगवायचीच नाही, तिच्यातून दिसतं ते रंगवायचं. पाण्यानं भरलेला भाग भिंगासारखं काम करतो, त्यामुळे मागे जरा अंतरावर असलेली वस्तू त्यात डावी-उजवी उलटी दिसते. ते जसंच्या तसं घ्या. पाण्याच्या पातळीची लंबगोल रेषा, तळाची जाड काच आणि काठावरचे एक-दोन पांढरे तुकडे पुरतात. दुधाच्या पिशवीवरची अक्षरं मात्र लिहीत बसू नका. घडीमध्ये मोडलेले निळ्या छपाईचे तुकडे आले की पाहणारा पिशवी ओळखतो. अक्षरं वाचता आली की नजर तिथेच अडकते.

मोबाईल ठेवायचाच असेल तर त्याच्या काळ्या स्क्रीनचा उपयोग करून घ्या. तो सपाट काळा आयत हलक्या चित्रात फार कामाचा असतो, आणि त्यात खिडकीचं प्रतिबिंबही मिळतं. ट्यूबमधला काळा मी वापरत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) दाट कालवले की खोल, जिवंत काळा मिळतो, आणि पाणी वाढवलं की त्याच जोडीतून सगळे थंड-उबदार करडे निघतात. तिसऱ्या टप्प्यात असे गडद ठिपके अगदी मोजक्या जागी द्या आणि थांबा. तीनच्या वर थर चढवले की कागदातून परत येणारा उजेड बंद होतो.

साहित्याबद्दल: पैसे मर्यादित असतील तर ते आधी कागदावर घाला. ३०० जीएसएमचा, शंभर टक्के कॉटनचा, कोल्ड प्रेस्ड (किंचित खरखरीत पोताचा) कागद. लाकडाच्या लगद्याच्या कागदावर दुसरा वॉश देताना पहिला उठून येतो, आणि वर सांगितलेली सलग सावली त्यावर जमणं कठीण. पूर्ण ताव ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा येतो. त्याचे चार तुकडे करून एकेकावर काम करा. रंग सहा-सात पुरतात, पण ट्यूबवरचा पिगमेंटचा, म्हणजे रंगद्रव्याचा, क्रमांक वाचायची सवय लावा. पीआर८३, म्हणजे खरा अलिझारिन क्रिमझन, उजेडात उडतो. त्याऐवजी पीव्ही१९चा ‘क्विनाक्रिडोन रोज’ हा गुलाबी रंग घ्या. थॅलो ब्लू सुंदर आहे पण कागदाला घट्ट धरतो, उचलता येत नाही, म्हणून सावलीत तो मी टाळतो. मास्किंग फ्लुइडबद्दल (पांढरे भाग झाकून ठेवायला लावतात आणि नंतर सोलून काढतात तो द्रव) मतभेद आहेत. मला त्याचे पांढरे तुकडे यांत्रिक वाटतात. ब्रशनं वळसा घालून सोडलेल्या पांढऱ्याची कड वेगळीच असते. गोळ्यांच्या स्ट्रिपवरच्या बारीक चमकेसाठी शेवटी पांढऱ्या ग्वाशचा (अपारदर्शक जलरंगाचा) एखादा ठिपका दिला तर काही बिघडत नाही.

तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही, पण हवामानानं फरक पडतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात वॉश लवकर वाळत नाही, तेव्हा ओल्यावर ओलं काम करून घ्या आणि कागद प्लॅस्टिकमध्ये हवाबंद ठेवा. दमटपणात कागदाचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेली खळ, बिघडलं की रंग टिपकागदासारखा शोषला जातो आणि डाग पडतात. विदर्भातल्या मे महिन्यात उलट: वॉश मध्येच वाळून कड पडते. तिथे कागदाची मागची बाजूही भिजवून घ्या आणि नेहमीपेक्षा एक नंबर मोठा ब्रश वापरा.

पहिली काही चित्रं त्याच वस्तूंवर करा, फक्त त्यांच्या जागा आणि उन्हाची वेळ बदला. लिंबू सुकलं तर दुसरं कापा, फुलपात्र तेच ठेवा. आणि पुढचं चित्र दाखवाल तेव्हा सोबत ती तीन छटांची छोटी स्केचेस आणि मांडणीचा फोटोही द्या. कुठे अडतंय ते तिथे लगेच सापडेल.