जुनी बेसबॉल कार्डं म्हणजे शेवटी सिगारेटची जाहिरातच ना? मग लोक ती का जमवतात, आणि सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नातला तो 'च' वाचला आणि लिहायलाच बसले. हा 'च' मी तीस वर्षं घरातच ऐकतेय. दादाने पेंटिंग केलं, मी अप्लाइड आर्ट, त्यामुळे त्याच्या लेखी तो चित्रकार आणि मी लेबलं रंगवणारी.

मागे तो न्यू जर्सीला माझ्याकडे आला होता तेव्हा मुद्दाम माझं एकुलतं एक टी२०६ कार्ड त्याच्या हातात दिलं. टी२०६ म्हणजे १९०९ ते १९११ मधली बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांच्या कार्डांची मालिका, अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेट पाकिटांतून यायची. रुंदीला काडेपेटीएवढं, उंचीला थोडं जास्त. खेळाडू कोणी मोठा नाही, कोपरे झिजलेत, पण मागचं आकाश नारिंगीतून पिवळ्यात असं काही उतरलंय की बघत राहावं. मूळ फोटो ब्लॅक अँड व्हाइट असायचे, रंग सगळे लिथोवाल्या, म्हणजे शिळाछापाच्या, कारागिरांनी ठरवलेले, एकेका रंगाची वेगळी छाप, आणि ती जरा सरकली की ओठाचा लाल गालावर जाणार. त्या कारागिरांची नावं कुठेच नाहीत याचा मला खरंच राग येतो.

दादा म्हणाला, "छान आहे गं, पण कार्डाच्या मागे सिगारेट विकतायत." मग म्हटलं, आजीच्या देवघरातली मळवलीला छापलेली रविवर्म्याची लक्ष्मी कुठल्या तंत्राची? क्रोमोलिथोच ना, म्हणजे हाच रंगीत शिळाछाप? आणि रविवर्मा प्रेसची चित्रं जाहिरातींवरही झळकलीच की! तिथे तू हात जोडतोस. यावर तो गप्प.

दुसऱ्या दिवशी त्याला न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये नेलं. सिरॅक्यूजच्या जेफरसन बर्डिक यांनी तीन लाखांवर छापील वस्तू तिथे दिल्या, त्यात तीस हजारांवर बेसबॉल कार्डं. संधिवाताने हात आखडलेले असताना हा माणूस तिथे बसून ती अल्बममध्ये चिकटवत होता, जानेवारी १९६३ मध्ये काम संपवलं आणि मार्चमध्ये गेला. दादा बराच वेळ काचेला नाक लावून उभा होता, बाहेर आल्यावर म्हणाला, "डिझाइन उत्तम आहे." चित्र म्हणाला नाही तो नाहीच.

तर सुरुवात. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं टी२०६ कार्ड विसरा, एक २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलर्सना गेलं. साध्या खेळाडूचं, पीडमाँट सिगारेटची जाहिरात मागे असलेलं, झिजलेलं टी२०६ घ्या, त्यातही रंग तेच. भिंगाखाली खालचं नाव बघा, अस्सल कार्डात अक्षरं सलग शाईची दिसतात, ठिपक्यांची दिसली तर रिप्रिंट समजा. मागे 'हिंदू' नावाच्या सिगारेटची जाहिरात असलेलीही येतात, पण त्यांना पैसे जास्त पडतात.

आणि हो, ही तंबाखूची जाहिरात होती आणि पोरंही ही कार्डं मिळवायला धडपडायची, हे मी नाकारत नाही. गुंतवणूक म्हणून तर घेऊच नका, एका अतिप्रसिद्ध वॅग्नर कार्डाच्या कडा, ते नीटस दिसावं म्हणून, कापल्याची कबुली २०१३ मध्ये कोर्टात दिली गेली.

घेतलंत तर दोन्ही बाजूंनी काच असलेली फ्रेम करा, जाहिरात भिंतीकडे लपवू नका. दादाच्या साठीला मी त्याला तशीच पाठवणार आहे.