दिवसभर दुसऱ्यांची मुलं, रात्री स्वतःचं

"ताई, मी बालमानसोपचाराच्या प्रशिक्षणात दुसऱ्या वर्षाला आहे. दिवसभर मुलांसोबत जमिनीवर बसून, आवाज न चढवता बोलते. घरी मात्र माझ्या चार वर्षांच्या मुलाने दुसऱ्यांदा हाक मारली तरी वस्सकन त्याच्या अंगावर जाते. परवा तो खेळणी भिरकावत होता, तेव्हा मी ओपीडीतल्या आवाजात विचारलं, 'तुला राग आलाय का? सांगशील मला?' तो म्हणाला, 'तसं नको ना बोलू.' तो झोपला की मी नोट्स लिहायला बसते. नवरा समजूतदार आहे, पण तोही म्हणतो, तू घरी असून नसतेस. वॉर्डात एक मुलगी आहे, माझ्या मुलापेक्षा थोडी मोठी. ती डोक्यातून जात नाही. मी या कामाला नालायक आहे का? पुन्हा मोठ्यांच्या मानसोपचाराकडे वळू का?"

प्रिय डॉक्टर,

ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते. अनेक वर्षं मी शिकाऊ डॉक्टरांना सुपरव्हाइज केलं आहे आणि तुझ्यासारखं पत्र मला नवीन नाही. लायकी-नालायकीचा निकाल पत्रावरून देता येत नाही. पण तू जे लिहिलं आहेस त्यात मला दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात: कुणीच न मोजलेलं काम, आणि कुठेच न बोललेल्या भावना. दोन्हींचा त्रास घरी होतो, पण उपाय वेगवेगळे आहेत.

आधी कामाचं. मोठा माणूस ओपीडीत येतो आणि स्वतःबद्दल स्वतः सांगतो. मूल येत नाही, त्याला आणलं जातं. नऊ वर्षांचा मुलगा टेबलाखाली शिरून बसला की पाऊण तास तूही त्याच्याशेजारी जमिनीवर बसतेस, हाती लागतात दोन वाक्यं. मग आईशी वेगळं बोलायचं, बापाशी वेगळं, कारण दोघांची हकीकत जुळत नाही. बाई शाळा सुटल्याशिवाय फोनवर मिळत नाहीत. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर त्याच दिवशी कळवायचं, लेखी द्यायचं. रोस्टरवर, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकावर, मात्र एवढंच दिसतं: नवीन केस, एक तास. उरलेलं सगळं तू रात्री करतेस आणि वर स्वतःला म्हणतेस, मला वेळेचं नियोजन जमत नाही.

दोन आठवडे प्रत्येक फोन, प्रत्येक फॉर्म, प्रत्येक पत्र वेळेसकट लिहून ठेव. बरोबरच्या रेसिडेंट्सनाही लिहायला सांग. तो कागद घेऊन सगळे मिळून विभागप्रमुखांकडे जा आणि फोन-पत्रांसाठी आठवड्यातला ठराविक वेळ मागा, ज्यात नवीन केस लावली जाणार नाही. ही मेहेरबानी नव्हे, बालमानसोपचाराचं कामच असं असतं. एकटी गेलीस तर ती तुझी तक्रार ठरेल. सगळे गेलात तर रोस्टरवर चर्चा होईल.

नोट्सचंही सांगते. पुढचं मूल आत बोलावण्याआधीच्या दहा मिनिटांत नोट संपव. गेल्या वेळेपासून काय बदललं, धोका किती, काय ठरलं आणि कोण काय करणार, एवढं पुरतं. रात्री अकराला लिहिलेल्या तीन पानी नोट्स मी खूप वाचल्या आहेत. त्यातला बराचसा मजकूर मुलाच्या उपयोगाचा नसतो, लिहिणाऱ्याची काळजी कागदावर उतरलेली असते.

रात्रीच्या ड्यूटीबद्दल मी कडक बोलणार आहे. १९९७ साली डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखवलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाच्या पातळीला घसरतं. अनेक देशांत तेवढ्यावर गाडी चालवू देत नाहीत. रात्री दोनला खूप गोळ्या एकदम गिळलेली पंधरा वर्षांची मुलगी कॅज्युअल्टीत पाहायची, तिच्या आईबापांना धीर द्यायचा, सकाळी राउंड घ्यायचा आणि संध्याकाळी घरी आदर्श आई व्हायचं, हे होत नाही. पुढच्या डॉक्टरकडे काम सोपवून झालं की निघ, स्वतः गाडी चालवू नकोस, आणि आधी झोप. त्या दिवशी मुलाला तू थोडी कमी मिळालीस तर चालेल.

आता वॉर्डातल्या त्या मुलीकडे येते. तिच्याबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास, पण मला अख्ख्या पत्रात त्याच सर्वांत महत्त्वाच्या वाटल्या.

डोनाल्ड विनिकॉट हे मुलांचे डॉक्टर आणि मनोविश्लेषक. १९४९ साली त्यांनी उघडपणे लिहिलं की उपचार करणाऱ्याच्या मनात रुग्णाबद्दल द्वेषही येतो आणि तो स्वतःशी कबूल करावाच लागतो. युद्धाच्या काळात नऊ वर्षांचा एक मुलगा त्यांच्या घरी तीन महिने राहिला होता. तो अनावर झाला की ते त्याला दाराबाहेर ठेवत. बाहेर एक खास घंटा होती. ती वाजवली की त्याला आत घेत आणि झाल्या प्रकाराबद्दल अवाक्षर काढत नसत. पण बाहेर ठेवताना प्रत्येक वेळी ते त्याला स्पष्ट सांगत, तू जे केलंस त्यामुळे मला तुझा द्वेष वाटला. असं सांगता आलं नसतं तर संयम न सोडता त्याच्याबरोबर राहणं आपल्याला जमलं नसतं, असं त्यांनी लिहिलं आहे. मुलाला दाराबाहेर ठेवणं आज मी कुणालाच सांगणार नाही. पण मनातलं ओळखून बोलून टाकण्याचा त्यांचा आग्रह मला आजही पटतो.

बहुतेक रेसिडेंट सुपरव्हिजनला, म्हणजे वरिष्ठांशी केसवर बोलण्याच्या तासाला, निदान, डोस आणि पुढचा प्लॅन घेऊन येतात, आणि तास संपतो. 'या पोरीला उचलून घरी न्यावंसं वाटतं' किंवा 'हिच्या आईचं तोंडसुद्धा बघवत नाही' हे कुणी बोलत नाही. ते तसंच पोटात घेऊन तू घरी जातेस. तिच्या आईवरचा राग, तिच्यासाठी काही करता येत नाही ही तडफड, सगळं निघतं दुसऱ्यांदा हाक मारणाऱ्या पोरावर. त्या मुलीला घरी न्यावंसं वाटण्यात गैर काही नाही. या कामात ते अनेकांना वाटतं. न बोलता राहिलं की मात्र त्याचा त्रास होतो. सुपरव्हायझरच तुझं मूल्यमापन करत असतील आणि त्यांच्यापुढे जीभ रेटत नसेल, तर बरोबरीच्यांचा गट कर. १९५०च्या दशकात लंडनमध्ये मायकेल आणि एनिड बॅलिंट या मनोविश्लेषक जोडप्याने जनरल प्रॅक्टिशनर्सचे असे गट सुरू केले. त्यात रुग्णाबद्दल डॉक्टरला काय वाटतं यावरच बोलणं होई. स्वतःसाठी थेरपिस्ट शोधलास तर उत्तमच.

नवऱ्याला केस सांगता येत नाही, सांगूही नये. पण म्हणूनच त्याला फक्त तुझं 'नसणं' दिसतं, कारण कळत नाही. 'आज एका लहान मुलीचं फार वाईट ऐकलं, मला अर्धा तास दे' एवढं सांगायला गोपनीयता आड येत नाही.

आणि तुझ्या पिल्लाने तर तुला नेमकं सांगितलं आहे. त्याला आई हवी आहे, डॉक्टर नको. 'फेकू नकोस रे, लागेल कुणाला' हे तुझ्या नेहमीच्या आवाजात म्हण. चौथ्या वर्षी मुलं खेळणी फेकतात. त्यात लक्षण शोधत बसू नकोस. खरंच शंका आली तर सहकाऱ्याला दाखव, स्वतः त्याची डॉक्टर होऊ नकोस. रोज अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवून तो म्हणेल ते खेळ. चिडलीस तर त्याच रात्री सांग, 'आई दमली होती, तुझी चूक नव्हती.'

राहिला सोडण्याचा प्रश्न. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या आजार म्हणून केली नाही, कामाच्या ताणाशी जोडलेली अवस्था म्हणून केली. पार गळून जाणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं, ही तिची तीन अंगं. पहिलं आणि तिसरं तुझ्या पत्रात दिसतं. दुरावा मला दिसला नाही, उलट ती मुलगी तुला सोडवत नाही. म्हणून आत्ता घाईने निर्णय नको, निदान नाइट ड्यूटीच्या महिन्यात तरी नको. तासांबद्दल बोलून पाहा, कमी वेळाचं पण लांबवलेलं प्रशिक्षण मिळतं का ते विचार. तरीही रोज सकाळी पोटात गोळाच येत असेल, तर मोठ्यांच्या मानसोपचाराकडे जा आणि अपराधी वाटून घेऊ नकोस. मात्र सुटीच्या रात्रीही झोप येत नसेल, कारण नसताना रडू येत असेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर त्याच दिवशी स्वतःच्या डॉक्टरकडे जा. कॉरिडॉरमध्ये मैत्रिणीला विचारून भागवू नकोस.

आणि पुढच्या सुपरव्हिजनला ती मुलगी यादीत सगळ्यात वर घे. निदानाच्या आधी, तिच्याबद्दल तुला काय वाटतं ते सांग.

तुझी ताई