व्याज किती ते नंतर बघू, आधी पैसे कुणाकडं ठेवताय ते सांगा

प्रश्न : ताई नमस्कार. माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात होते, वय 61, आता रिटायर झालेत. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 8 लाख हातात आलेत. आमच्या गल्लीत पिग्मी गोळा करणारे काका म्हणायलेत की सगळे आमच्या पतसंस्थेत ठेवा, 11 टक्के देतो, बँकेत काय मिळतंय. काका खूप वर्षांचे ओळखीचे त्यामुळं वडिलांचं मन तिकडंच आहे. काय करावं?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : भाऊ, पिग्मीवाले काका चांगलेच असणार, पावसात सुद्धा दारात येऊन पन्नास-शंभर रुपये जमा करून घेणारा माणूस आपल्याला घरचाच वाटतो. पण तुमचे 8 लाख काका सांभाळणार नाहीत ओ, ते संस्थेचं संचालक मंडळ कुणाला कर्जानं देणार आणि ते कर्ज वसूल होतंय का नाही यावर तुमची ठेव अवलंबून. हे काकांच्या हातात नसतंच.

आता मुख्य मुद्दा. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, विमा असतो, एका माणसाला एका बँकेत 5 लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज दोन्ही धरून. फेब्रुवारी 2020 च्या आधी हा आकडा फक्त 1 लाख होता. सरकारी, खासगी, सहकारी, सगळ्या बँका यात येतात. पतसंस्था येत नाही, कारण ती बँक नाहीच, ती सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे आणि तिच्याकडं रिझर्व्ह बँकेचं बँकिंग लायसन्स नसतं. पाटी, काउंटर, पासबुक, एफडीची पावती सगळं बँकेसारखंच दिसतं म्हणून लोकांची गल्लत होते. सगळ्या पतसंस्था वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, पण बुडाली तर डीआयसीजीसीचा एक रुपया येणार नाही एवढं वडिलांना शांतपणे सांगा.

आपल्या सोलापुरातलंच बघा. सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेनं लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचं लायसन्स रद्द केलं. बँक बंद झाली तरी ज्यांची ठेव 5 लाखांच्या आत होती त्यांना विम्याचं संरक्षण होतं. बरं, एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे वाटून ठेवले की 10 लाख सेफ झाले असं बरेच जण समजतात, तसं नसतं, सगळ्या शाखा मिळून एकच 5 लाख. वाटायचे तर बँका वेगळ्या पाहिजेत, आणि व्याजही त्यातच धरतात म्हणून एका बँकेत साडेचार लाखांच्या वर जाऊ नका.

वडिलांचं वय 61 म्हणजे पोस्टातली सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम त्यांना बसते, काही बँकांतही खातं निघतं. एप्रिल 2023 पासून व्याज 8.2 टक्के चाललंय, खातं काढताना जो दर असेल तोच पाच वर्षं कायम राहतो, आणि मागं सरकार आहे. 6 लाख ठेवले तर दर तीन महिन्यांना 12,300 रुपये खात्यावर येतात, किराणा, लाइट बिल, औषधं यातनं निघतील. मध्येच मोडलं तर थोडं कापून घेतात, म्हणून सगळे 8 लाख तिथं अडकवायचे नाहीत. उरलेल्या 2 लाखांची बँकेत एफडी करा, पण 50-50 हजाराच्या चार पावत्या करा, म्हणजे दवाखान्याचं काही निघालं तर एकच मोडायची, बाकीच्यांचं व्याज चालू राहतं.

आता तो 11 टक्क्यांचा मोह. 8 लाखांवर 11 नं वर्षाला 88,000 आणि 8.2 नं 65,600. फरक 22,400, म्हणजे महिन्याला 1,900 सुद्धा नाही. वडिलांनी उभं आयुष्य मशिनच्या आवाजात काढून मिळवलेले पैसे आहेत, महिन्याच्या एवढ्या फरकासाठी ते सगळेच्या सगळे विम्याबाहेर ठेवायचे, मला तरी पटत नाही. काकांची पिग्मी बंद करू नका, छोटी रक्कम चालू द्या, संबंध राहतात.

आणि प्रत्येक खात्यावर नॉमिनी लागलाय का ते पावतीवर स्वतः वाचून बघा, "लावलंय हो" एवढ्यावर परत येऊ नका.

प्रश्न : आम्ही बारा विडी कामगार बायका महिन्याला 1,000 ची भिशी लावतो. मुलगी म्हणते भिशी सोड, आरडी (बँकेत दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव) काढ. कोणाचं ऐकू?
– एक भगिनी, कुंभारी

उत्तर : ताई, चिठ्ठीची साधी भिशी असेल, म्हणजे नंबर चिठ्ठी काढून ठरत असेल, तर खरं सांगते, व्याजाचा फरक फार नाही. 1,000 ची आरडी साडेसहा टक्क्यांनी वर्षभर चालवली तर व्याज सव्वाचारशेच्या आसपास. भिशीत पहिला नंबर लागला तर 12,000 बिनव्याजी हातात येतात, सावकाराकडं जावं लागत नाही, हा मोठा आधार आहे. पण एखादी नंबर लागल्यावर भरायची थांबली तर कुठं दाद मागणार, कागद नसतो. त्यामुळं निम्मं-निम्मं करा, 500 ची भिशी आणि 500 ची आरडी. लिलावाची भिशी असेल, म्हणजे 12,000 ची भिशी गरजेपोटी 10,000 ला उचलायची, तर मुलीचं ऐका आणि त्यातनं बाहेर पडा.

प्रश्न : पगार 16 हजार, 1,000 ची एसआयपी (दर महिन्याला म्युच्युअल फंडात ठरावीक रक्कम) चालू करू का? मित्र म्हणतो तीन वर्षांत डबल.
– एक तरुण वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तीन वर्षांत डबल असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याचं ऐकू नकोस बाळा. जानेवारी 2020 मध्ये निफ्टी, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, 12,000 च्या वर होता आणि मार्चमध्ये 7,600 वर आला, तेव्हा घाबरून ज्यांनी काढून घेतले त्यांचं नुकसान कायमचं झालं, जे थांबले त्यांचं वर्षाच्या आत भरून निघालं. थांबता येण्यासाठी आधी बाजूला पैसे पाहिजेत. तुझा महिन्याचा खर्च 10 हजार धरला तर आधी 30 हजार बचत खात्यात आणि आरडीत साठव, तोपर्यंत हवं तर 500 ची इंडेक्स फंडातली (निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड) एसआयपी चालू ठेव म्हणजे सवय लागेल. 30 हजार झाले की मग 1,000 कर, आणि सात-आठ वर्षं लागणार नाहीत असेच पैसे त्यात टाक.