जीवामृतात नत्र किती, सेंद्रियचा शिक्का कोणता आणि रेशनच्या तांदळातला तो पिवळट दाणा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : दोन वर्षांपासून रब्बी ज्वारीला रासायनिक खत बंद करून फक्त जीवामृत देतो. पहिल्या वर्षी पीक बरं आलं, यंदा पानं पिवळी पडली आणि कणसं बारीक राहिली. शिवाय ड्रमला कुजका वास येतो. प्रमाण चुकतंय का? विहिरीचं एक-दोन पाणी मिळतं. – एक शेतकरी, मंगळवेढा

वासाचं आधी. एकरी प्रमाण असं : २०० लिटर पाणी, देशी गाईचं ताजं शेण १० किलो, गोमूत्र ५ ते १० लिटर, गूळ २ किलो, बेसन २ किलो आणि बांधावरची किंवा वडाखालची, औषध न पडलेली मूठभर माती. ड्रम सावलीत ठेवायचा, रोज सकाळ-संध्याकाळ लाकडी काठीनं ढवळायचा आणि ४८ तासांनी वापरायला काढायचा. आठवड्यात संपवून टाकावा. दुसऱ्या दिवशी फेस आणि ताकासारखा आंबूस वास आला तर काम बरोबर चाललंय. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा पोचत नाही. बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या ड्रमला घट्ट झाकण लावलेलं असतं, किंवा ढवळायचं राहून जातं. झाकणाऐवजी ओलं गोणपाट टाका. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडून जावं म्हणून रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. ठिबकमधून सोडायचं असेल तर दोनदा सुती कापडानं गाळा, वरचं निवळ घ्या आणि नंतर साध्या पाण्यानं लाइन धुवा, नाहीतर ड्रिपर हमखास चोंदतात.

पण पानं पिवळी पडण्याचं कारण ड्रममध्ये नाही, हिशेबात आहे. ताज्या शेणात नत्र (नायट्रोजन) शेकडा ०.३ ते ०.४, म्हणजे १० किलोत ३०-४० ग्रॅम. गोमूत्रात शेकडा एकाच्या आसपास धरलं तर १० लिटरमध्ये ८०-१०० ग्रॅम. २ किलो बेसनातून ७० ग्रॅम. सगळं मिळून एका ड्रमात साधारण २०० ग्रॅम नत्र. पंधरा दिवसांनी एकदा असं चार महिने दिलं तरी पावणेदोन किलोच्या वर जात नाही. उलट एकरी ८ क्विंटल ज्वारी निघाली तर नुसत्या दाण्यातून १२-१३ किलो नत्र रानाबाहेर जातं, कडब्याचं वेगळं. पहिल्या वर्षी पीक आलं ते जमिनीतल्या जुन्या शिलकीवर. ती संपली.

जीवामृत हे जिवाणूंचं विरजण आहे, खत नव्हे. विरजण लावायला दूध लागतं, तसे जिवाणू कामाला लागायला जमिनीत सेंद्रिय पदार्थ लागतो. ‘एका गाईवर इतके एकर’ अशी जी गणितं सांगितली जातात, ती पीक रानातून काय घेऊन जातं याचा आकडा मांडत नाहीत. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी ही पद्धत घराघरात नेली आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे २०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात याच पद्धतीचा, म्हणजे ‘झिरो बजेट’ शेतीचा, उल्लेख आला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं २,४८१ कोटींचं राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केलं. धोरण आलं म्हणून वजाबाकी बदलत नाही. या पद्धतीत आच्छादन आणि द्विदल आंतरपीकही सांगितलेलं आहे. आपल्याकडे ड्रम तेवढा उचलला जातो आणि बाकीचं सुटतं.

तुमच्यासारख्या रब्बीच्या रानात सर्वांत स्वस्त उपाय तागाचा. मृगाच्या पावसावर एकरी २० ते २५ किलो बी पेरा. ४५ ते ५० दिवसांनी, फुलोरा दिसायला लागताच, ऑगस्टमध्ये गाडून टाका. चांगल्या पिकातून एकरी ६-७ टन हिरवा पाला मिळतो, म्हणजे २५-३० किलो नत्र. यातलं सगळं पहिल्याच पिकाला मिळत नाही, पण ज्वारीला फरक दिसतो. पुढे दोन-तीन आठवडे कुजायला द्यावेत आणि सप्टेंबरच्या मध्यावर ज्वारी पेरावी. दोन गोष्टी बिघडतात. एक, गाडायला उशीर. ताग वाखावर आला, म्हणजे देठात चिवट धागा धरला, की लवकर कुजत नाही आणि कुजताना जमिनीतलंच नत्र ओढून घेतो, मग ज्वारी सुरुवातीलाच पिवळी. दुसरी, पावसाचा खंड. तुमच्या भागात ज्वारी साठलेल्या ओलीवर येते, आणि ती ओल तागच पिऊन टाकतो. जुलैअखेर पावसानं ओढ दिली तर ३०-३५ दिवसांचा कोवळा तागच गाडा, जास्त पाल्याचा मोह धरू नका.

चांगलं कुजलेलं शेणखत मिळत असेल तर एकरी ५ टन टाका. त्यात २५ किलोच्या आसपास नत्र असतं, पहिल्या हंगामात साधारण तिसरा हिस्सा लागू पडतो, म्हणून पहिल्या वर्षी त्याच्या एकट्यावर भिस्त ठेवू नये. आणि जीवामृत रानात ओल असतानाच, संध्याकाळी सोडा. तुमचं एक-दोन पाणी असतं तेव्हाच ते द्यायची वेळ. भेगाळलेल्या कोरड्या रानावर ओतलेला ड्रम वाया जातो.

प्रश्न : दुकानात ‘सेंद्रिय’, ‘नॅचरल’, ‘केमिकल फ्री’, ‘रेसिड्यू फ्री’ असं सगळं दुप्पट भावानं मिळतं. शेतकरी बाजारात तर काहीच शिक्का नसतो. खरं कसं ओळखायचं? – एक वाचक, पुणे

कायद्यात अर्थ आहे तो ‘सेंद्रिय’ किंवा ‘ऑरगॅनिक’ या शब्दाला. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे (एफएसएसएआय) सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ चे, लागू झाले १ जुलै २०१८ पासून. बंद पाकिटावर ‘जैविक भारत’चं चिन्ह, १४ आकडी परवाना क्रमांक आणि प्रमाणन कोणत्या पद्धतीचं हे दिसायला हवं. पद्धती दोन. एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, २००१ पासून आहे. तिच्यात बाहेरची संस्था येऊन तपासते आणि निर्यातीला हीच लागते. पीजीएसमध्ये, म्हणजे सहभागी हमी पद्धतीत, जवळपासच्या किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. त्यात ‘पीजीएस ग्रीन’ म्हणजे शेत अजून बदलाच्या काळात आहे, ‘पीजीएस ऑरगॅनिक’ म्हणजे तो काळ पूर्ण झाला. एनपीओपीत हा काळ हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षं, फळबागांना पहिल्या तोडणीआधी तीन वर्षं. ‘ग्रीन’ला पूर्ण सेंद्रियचा भाव कोणी लावत असेल तर जरूर विचारा.

‘रेसिड्यू फ्री’ हा वेगळाच प्रकार. त्यात औषधं फवारलेली असतात, पण काढणीआधी पुरेसे दिवस थांबून अंश मर्यादेखाली आणलेला असतो. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना ही शिस्त निर्यातीमुळे पाठ आहे. माल वाईट नाही, फक्त सेंद्रिय नाही. ‘नॅचरल’ आणि ‘गावरान’ या शब्दांमागे मात्र शेत तपासणारं कुणी नसतं.

शेतकरी बाजारातल्या माणसाकडे शिक्का नाही म्हणून तो लबाड ठरत नाही. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला छोटा उत्पादक थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला प्रमाणनातून सूट आहे, फक्त ‘जैविक भारत’ चिन्ह वापरता येत नाही. त्याला तीन प्रश्न विचारा : तण कसं काढता? वांग्यातल्या शेंडेअळीला काय करता? शेजारचा फवारतो तेव्हा बांधावर काय आहे? खुरपणीची मजुरी, कामगंध सापळे (वासानं नर पतंग ओढून पकडणारे), किडके शेंडे खुडून जाळणं, बांधाकडेच्या चार ओळी वेगळ्या विकणं, असं काही कानावर आलं तर माणूस रानात राबणारा आहे. ‘आमच्याकडे कीडच येत नाही’ हे उत्तर मिळालं तर पुढच्या टोपलीकडे जा.

आणि जीवनसत्त्वं जास्त मिळतील म्हणून दुप्पट पैसे मोजू नका. सेंद्रियात कीटकनाशकांचा अंश कमी सापडतो, पोषणातला फरक किरकोळ. बजेट तंग असेल तर साधी पण ताजी भाजी रोज दोन वाट्या खाणं, ही महागडी सेंद्रिय जुडी आठवड्यातून एकदा खाण्यापेक्षा केव्हाही बरी.

प्रश्न : रेशनच्या तांदळात पिवळट, वेगळेच दाणे येतात. पाण्यात तरंगतात. गावात सगळे प्लास्टिकचा तांदूळ म्हणून निवडून टाकतात. – एक अंगणवाडी सेविका, नंदुरबार जिल्हा

निवडून टाकू नका, असं सगळ्यांना सांगा. तो पोषणयुक्त दाणा आहे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून, वाफ देऊन, यंत्रातून तांदळाच्याच आकारात काढतात आणि वाळवून १०० किलोत १ किलो मिसळतात. वाटीभर, म्हणजे १०० ग्रॅम तांदळात असे पन्नासेक दाणे येतात. २०२१ च्या १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी घोषणा केली आणि मार्च २०२४ पर्यंत ही योजना रेशन आणि शालेय आहारापर्यंत पोचली. दाणा आतून थोडा सच्छिद्र, म्हणून काही तरंगतात. लोहामुळे रंग पिवळट पडतो. शंका असेल तर चिमट्यात धरून जाळून दाखवा : भाकरी करपल्याचा वास येतो आणि कोळसा होतो. प्लास्टिक वितळून ठिबकतं.

लोकांचा राग समजण्यासारखा आहे. ताटातल्या दाण्यात बदल केला आणि दुकानात एक पाटी लावायचं राहून गेलं. तांदूळ एक-दोनदाच हलका धुवा. बेताच्या पाण्यात शिजवा, पेज काढलीच तर ती प्या, नाहीतर त्यात उतरलेलं पोषण फुकट जातं.

तुमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत, म्हणून एक सांगणं. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्यांसाठी २०१८ च्या नियमांत लोहयुक्त अन्नाबद्दल सावधगिरीची सूचना होती, त्यावर पुढे बराच वाद झाला. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या शरीरात लोह आधीच साठत असतं. अशा घरांनी आपल्या डॉक्टरांना या तांदळाविषयी आवर्जून विचारावं, स्वतःहून ठरवू नये.

प्रश्न : भाज्या मिठाच्या पाण्यात ठेवल्या की औषध निघतं का? – एक गृहिणी, ठाणे

वरवरचं बरंचसं निघतं, पण ते मिठामुळे कमी आणि वाहत्या पाण्यात चोळण्यामुळे जास्त. सफरचंद, काकडी अशा गुळगुळीत सालीच्या फळभाज्यांना लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून १२-१५ मिनिटं ठेवा आणि मग नळाखाली धुवा. आंतरप्रवाही औषधं झाडाच्या आतून फिरतात, ती कशानंही धुतली जात नाहीत. फ्लॉवरचे तुरे सुटे करून धुवा, कोबीची वरची दोन पानं काढून टाका. पालेभाजी आधी धुवून मग चिरा.